डीजे की ढोल? मधल्या फुंकणाऱ्यालाही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव महिन्यावर आला की वाचकांच्या पत्रांत डीजे विरुद्ध ढोलताशा हा सामना ठरलेलाच. रात्री दहाची वेळ, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल हे आकडे आता शाळकरी पोरांनाही पाठ झाले असतील. या सामन्यात एक तिसरा गडी मात्र कायम कुंपणाबाहेर उभा असतो. तो म्हणजे ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम फुंकणारा बँडवाला. त्याची बाजू कोणी मांडत नाही, कारण वाद आवाजाचा आहे असे आपण धरून चाललो आहोत. खरा वाद माणसांच्या संख्येचा आहे: बारा माणसांची बिदागी द्यायची, की एका माणसाची आणि त्याच्या यंत्राची?

आम्ही दोघे इंग्लंडात वेस्ट मिडलंड्स भागात राहतो. एक जण ट्रॉम्बोन (नळी पुढेमागे सरकवून वाजवायचे पितळी वाद्य) वाजवतो, दुसरा ध्वनिव्यवस्था पाहतो. इथल्या गावोगावच्या स्का बँडांपुढे हाच प्रश्न दुसऱ्या वेशात उभा आहे. त्यांच्या कामाचा तपशील मांडला, तर आपल्याकडच्या मंडळांना आणि परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनाही बँड ठरवताना उपयोग होईल, म्हणून हे लांबलेले पत्र.

स्का म्हणजे काय ते आधी थोडक्यात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जमैकात हा ठेका घडला. 'एक-अन्-दोन-अन्-तीन-अन्-चार-अन्' असे मोजा. आपल्या टाळ्या पडतात त्या आकड्यांवर. स्काची गिटार वाजते ती प्रत्येक 'अन्'वर, आणि तीही वरच्या दिशेने ओढलेला तुटक फटकारा मारून. बास गिटार खालून चालत राहते आणि वरून तीन फुंकवाद्ये धून उचलतात. ही फुंकवाद्ये शोभेला नाहीत, स्काचा जन्मच त्यांच्या घरात झाला. किंग्स्टनमध्ये कॅथलिक जोगिणी चालवत असलेल्या 'अल्फा' या मुलांच्या शाळेत गरीब घरांतल्या पोरांना बँडची वाद्ये आणि स्वरलिपी शिकवत. डॉन ड्रमंड, टॉमी मकुक, रिको रॉड्रिग्ज हे सगळे तिथले. गोव्यात चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकून मुंबईच्या नाचगाण्याच्या बँडांत आणि पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेलेल्या वादकांची वाट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल.

जमैकातून ब्रिटनमध्ये आलेल्या लोकांबरोबर हे संगीत इथे आले. १९७९ मध्ये कॉव्हेंट्री या मोटारकारखान्यांच्या शहरात 'टू टोन' ही ध्वनिमुद्रिका कंपनी निघाली. काळ्या-पांढऱ्या चौकटींची तिची खूण आजही टोप्यांवर आणि ड्रमवर दिसते. 'द स्पेशल्स', 'द सिलेक्टर', बर्मिंगहॅमचा 'द बीट', लंडनचा 'मॅडनेस' ही त्या लाटेतली नावे. आज पबमध्ये वाजते ते बहुतेक याच बँडांचे. 'दुसऱ्यांची गाणी वाजवणारे' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एवढेच सांगतो की ती लाटच जुन्या जमैकन गाण्यांच्या पुनर्गायनावर उभी राहिली. डँडी लिव्हिंग्स्टनने १९६७ मध्ये गायलेले रूडी नावाच्या उनाड पोराला समजावणारे गाणे 'द स्पेशल्स'ने १९७९ मध्ये पुन्हा केले, आणि दोन्ही ध्वनिमुद्रणांत ट्रॉम्बोन आहे तो रिको रॉड्रिग्जचाच.

आता मूळ मुद्दा. पुरा स्का बँड आठ जणांचा असतो: ड्रम, बास, गिटार, कीबोर्ड, गायक, ट्रम्पेट, टेनर सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन. पबची बिदागी मात्र ठोक असते, डोक्यांवर नसते. नमुन्यादाखल हिशेब करू. ३२० पौंडांची सुपारी धरा. व्हॅनचे इंधन आणि पार्किंग मिळून ४० गेले. उरलेल्या २८० चे आठ वाटे केले की माणशी ३५ पौंड. संध्याकाळी साडेसहाला सामान उतरवायचे, नऊला पहिला भाग, दहा वाजून दहा मिनिटांनी दुसरा, अकराला पाच कमी असताना शेवटची सम, मग सामान बांधून निघायला साडेबारा. सहा तासांचे ३५ पौंड, म्हणजे इथल्या किमान वेतनाच्या निम्मेही नाहीत. तेच चौघांचा रॉक बँड गेला तर माणशी ७०. मालकाचा सल्लाही मग तयार असतो: 'ते तिघे भोंगेवाले कशाला? त्यांचे वाजवणे लॅपटॉपवर भरून आणा की.'

लॅपटॉपवर भरून आणले की काय होते, ते आधी सांगतो. ड्रमरच्या कानात टिकटिक जाते आणि पुढचे सगळे तिच्या ताब्यात जाते. लोक नाचायला लागले म्हणून ट्रॉम्बोनचा तोडा आणखी आठ मात्रा लांबवता येत नाही. गायकाने एक अंतरा गाळला, तर माणसे एका नजरेत सावरून घेतात. यंत्र गाळलेला अंतरा इमानाने वाजवत राहते आणि मुखडा भलत्याच ठिकाणी येऊन आदळतो. शिवाय भरून आणलेली पितळी वाद्ये गायकाच्याच स्पीकरांतून येतात, त्यामुळे शब्द झाकले जातात. खरी ट्रम्पेट आपल्या जागेवरून, आपल्या दिशेने वाजते आणि कानाला ती वेगळी सापडते.

आता तिघे ठेवायचे म्हटले, तर पहिली अडचण जागेची. पबचा कोपरा बहुधा तीन मीटर रुंद आणि दोन मीटर खोल. ड्रमच्या सतरंजीलाच दोन बाय दोन मीटर लागतात. ट्रॉम्बोनची स्लाइड, म्हणजे सरकती नळी, सातव्या म्हणजे सर्वांत लांबच्या पोझिशनला गेली की मिटलेल्या अवस्थेपेक्षा जवळपास दोन फूट पुढे सरकते, आणि समोर नेमका नाचणारा असतो. त्याचा खांदा लागला तर आतल्या नळीला पोचा पडतो. केसाएवढा पोचा पडला तरी स्लाइड अडकते आणि दुरुस्ती कारागिराकडेच होते, पबमध्ये नाही. ट्रम्पेटला धक्का बसला तर तोंडाचा भाग ओठ आणि दात यांवर आपटतो; ओठ फाटला की तो वादक दोन-तीन आठवडे घरी. म्हणून ट्रॉम्बोन नेहमी टोकाला, तिरका, भिंतीकडे तोंड करून. ट्रम्पेट मागच्या रांगेत. पुढे दोन मॉनिटर, म्हणजे वादकांना ऐकू यावे म्हणून त्यांच्याकडे तोंड केलेले स्पीकर, कुंपणासारखे आडवे. गायकाला धक्का बसला तरी त्याचे फारसे बिघडत नाही, म्हणून तो पुढे. (गायकांना हे कारण सांगायचे नसते.)

दुसरी अडचण पट्टीची, आणि नवे बँड फसतात ते इथेच. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्स ही वाद्ये मुळात काळी पाचची. ती लिहिलेला 'सी' फुंकतात तेव्हा कानावर काळी पाच येते. गिटारवाल्याला पांढरी तीन आणि पांढरी सहा सोयीच्या, कारण तिथे मोकळ्या तारा मिळतात. पण गिटारची पांढरी तीन ट्रम्पेटवाल्याच्या कागदावर सहा शार्पची (सहा स्वर अर्ध्याने चढवून वाजवायचे) होऊन येते, आणि टेनरऐवजी आल्टो सॅक्स असेल तर सात शार्पची. जलद लयीत, अंधाऱ्या कोपऱ्यात, सहा शार्प वाचणारा माणूस चुकणारच. उपाय एकच: शक्य तिथे गाणे काळी पाच, काळी दोन किंवा पांढरी चारवर न्यायचे. गिटारवाल्याला स्कामध्ये तसाही मोकळ्या तारांचा उपयोग नसतो. त्याला वरच्या तीन-चार तारांवर बंद पकडीचे कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरगुच्छ) मारून डाव्या हाताचा दाब लगेच सैल करायचा असतो. तार घुमत राहिली की स्का संपला. म्हणून पट्टी बदलायला त्याने कुरकुर करण्याचे कारण नाही. गायकाचा गळा तेवढा पाहावा लागतो, पण अर्ध्या स्वराने सहसा कोणाचे अडत नाही.

तिसरी अडचण हवेची. व्हॅनमध्ये गारठलेली पितळी वाद्ये खाली बोलतात. ती वाजवून आणि श्वासाने तापली की वर चढतात, कारण गरम हवेत आवाज जास्त वेगाने जातो. दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने. गिटारच्या तारांचे नेमके उलटे: दिव्यांच्या उष्णतेने तार सैल पडते आणि स्वर उतरतो. म्हणजे साडेनऊच्या सुमाराला तिघे वर निघालेले असतात, एक खाली, आणि कीबोर्ड मात्र सेकंदाला ४४० कंपनांच्या ठरलेल्या मापावर ठाम. भांडण लागले की निकाल कीबोर्डने द्यायचा, हा नियम आधीच ठरवून ठेवावा. वाद्ये पेटीतून निघाली की खोलीतच दहा-पंधरा मिनिटे नुसते लांब स्वर फुंकायचे, मग ट्यूनिंग स्लाइड अर्धा-पाऊण सेंटिमीटर बाहेर काढून जुळवायचे, आणि दुसऱ्या भागाआधी पुन्हा. मध्यंतरात वाद्य थंड खिडकीत ठेवून बिअर प्यायला जाणारा वादक दुसऱ्या भागातली पहिली तीन गाणी बेसूर वाजवतो. दर वेळी.

बिअरवरून आठवले: गोड पेय हा सॅक्सोफोनचा शत्रू आहे. कोला किंवा सरबत पिऊन लगेच फुंकले की साखरेचा ओलावा छिद्रे मिटणाऱ्या गाद्यांवर बसतो. पहिली चिकटते ती जी-शार्पची गादी, कारण ती एरवी मिटलेली असते आणि उघडायला तिच्याकडे जेमतेम एका कमजोर स्प्रिंगचे बळ असते. की दाबली जाते, झाकण उघडत नाही, आणि चुकीचा स्वर निघतो. गादीखाली सिगारेट वळायचा पातळ कागद सरकवायचा, झाकण हलके दाबायचे, ओल टिपली की कागद काढायचा. ओढून काढू नका, गादी फाटते. रीड, म्हणजे माउथपीसला लावायची वेताची पट्टी, दोन जास्तीच्या, त्या वापरून सरावलेल्या हव्यात; नवी कोरी रीड कार्यक्रमात पहिल्यांदा लावणे म्हणजे नवी चप्पल घालून वारीला निघणे. ट्रम्पेटचे तीन व्हॉल्व्ह तेल घालायला काढले, तर १-२-३ आकडे पाहूनच परत बसवायचे. अदलाबदल झाली की हवा पुढे जातच नाही आणि वादक घामाघूम होऊन 'वाद्य बिघडले' म्हणतो. अडकलेला माउथपीस पकडीने उपटायचा नाही. त्यासाठी वेगळे ओढणी यंत्र मिळते. नसेल तर तसाच घरी न्या.

चौथी गोष्ट ओठांची. गिटारवाला तीन तास वाजवू शकतो. ट्रम्पेटवाल्याच्या ओठांचे स्नायू पाऊण तासात थकतात, आणि थकले की तो जोर लावून माउथपीस दाबतो, मग रक्तपुरवठा अडून आणखी थकतो. म्हणून ४५ मिनिटांचे दोन भाग, प्रत्येकात बारा-तेरा गाणी. यादी लिहिताना वरच्या स्वरांची दोन गाणी पाठोपाठ ठेवायची नाहीत. चौथे आणि आठवे गाणे संथ, म्हणजे स्कानंतर आलेल्या रॉकस्टेडी ढंगाचे. तिथे धून ट्रॉम्बोनकडे किंवा कीबोर्डच्या ऑर्गनकडे द्यायची आणि ट्रम्पेटने गप्प बसायचे. लोकांना आवडते म्हणून सगळी भन्नाट गाणी शेवटच्या वीस मिनिटांत कोंबण्याची खोड बहुतेक बँडांना असते. शेवटच्या गाण्यात ट्रम्पेटचा आवाज चिरकतो तो त्यामुळे. वादक कच्चा म्हणून नव्हे.

लय चढण्याचा रोग आपल्या ताशेवाल्यांना नवा नाही. घरी मिनिटाला १३२ ठोक्यांवर बसवलेले गाणे गर्दी उड्या मारू लागली की १४५ वर जाते. ड्रमरला ते कळत नाही, पण ट्रॉम्बोनची जीभ आणि स्लाइड एकमेकांना सोडून देतात आणि गिटारचा 'अन्' आकड्याकडे घसरू लागतो. तो आकड्यावर पडला की तो स्का राहत नाही. ड्रमजवळ लुकलुकणारा मेट्रोनोम (लय दाखवणारे यंत्र) ठेवावा, आवाजाचा नको. गाणे सुरू करण्याआधी ड्रमरने दोन सेकंद फक्त त्याच्याकडे बघायचे. एवढ्याने निम्मे काम होते.

आवाजाच्या बाबतीत इथली व्यवस्था आपल्याकडच्या वादात उपयोगी पडेल, म्हणून जरा सविस्तर. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ च्या लाइव्ह म्युझिक कायद्याने छोट्या परवानाधारक जागांना सकाळी आठ ते रात्री अकरापर्यंत प्रत्यक्ष संगीतासाठी वेगळा परवाना लागत नाहीसा झाला. श्रोत्यांची मर्यादा आधी २०० होती, २०१५ पासून ती ५०० झाली. गाण्यांच्या हक्कांचे पैसे बँड भरत नाही; जागेचा मालक सामूहिक परवाना घेतो आणि बँड वाजवलेल्या गाण्यांची यादी कळवतो, म्हणजे पैसे मूळ गीतकार-संगीतकारांपर्यंत जातात. ही यादी पाठवायचा कंटाळा करणारे पुष्कळ आहेत. दुसऱ्याच्या गाण्यावर पोट भरणाऱ्याने एवढे तरी करावे.

कायद्याने मोकळीक दिली, तरी भाड्याच्या सभागृहांत बहुधा भिंतीवर लाल-हिरवे दिवे असलेली पेटी असते. छताला टांगलेला माइक आवाज मोजतो, ठरवलेल्या पातळीवर काही सेकंद राहिलात की लाल दिवा, आणि तरीही उतरला नाहीत की रंगमंचाच्या सॉकेटची वीज बंद. ९० डेसिबलच्या आसपास लावलेली पेटी असेल, तर माइक न लावलेला नुसता ड्रम आणि ट्रम्पेटही तिला लाल करतात. वीज गेली की स्पीकरांतून धाडकन आवाज होतो, कीबोर्ड पुन्हा सुरू व्हायला मिनिटभर घेतो, आणि गंमत म्हणजे पितळी वाद्ये व ड्रम यांना वीज लागतच नसल्याने ते वाजतच राहतात. अशा वेळी कोणीतरी हुशार माणूस स्वयंपाकघरातल्या सॉकेटमधून वायर ओढून आणतो. तसे करू नका. आग किंवा अपघात झाला तर विमा हात वर करील, आणि त्याचे बरोबरच असेल. त्याऐवजी टांगलेला माइक कुठे आहे ते आल्याबरोबर शोधा आणि ट्रम्पेटचे तोंड त्याच्या विरुद्ध बाजूला वळवा. ड्रमरला जाड काठ्यांऐवजी बारीक काड्यांची जुडी द्या, टॉम या ड्रमांवर पातळ टॉवेल टाका. ट्रम्पेटने नोटांच्या स्टँडमध्ये तोंड घालून वाजवावे किंवा आवाज दाबणारा कप म्यूट लावावा. आणि गिटारचा अँप्लिफायर जमिनीवरून उचलून खुर्चीवर, वादकाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. तो आवाज वाढवतो कारण त्याला स्वतःचे वाजवणे पायांत ऐकू येत असते.

विजेचे गणित सोपे आहे. इथे एका प्लगवर १३ अँपिअर, २३० व्होल्ट, म्हणजे सुमारे तीन हजार वॉट मिळतात. एलईडी दिवे धरून आख्खा बँड त्याच्या आत मावतो. फ्यूज उडतो तो चहाच्या बॉयलरमुळे. तो एकटाच तीन हजार वॉट ओढू शकतो. महाराष्ट्र मंडळांच्या कार्यक्रमांत मागच्या बाजूला चहा, वडे गरम ठेवण्याची तबके आणि पुढे बँड हे एकाच सर्किटवर असतात, आणि मुखड्याच्या ऐन भरात सगळे काळोखात जाते. चहाची लाइन वेगळी आहे का, हे सभागृहवाल्याला आदल्या दिवशी विचारा. स्पीकरांतून घुमणारी 'गूं' ऐकू आली तर सगळी वाद्ये एकाच सॉकेटवरून घ्या. अर्थिंगची पिन काढून घुमणे थांबवणारा माणूस गायकाच्या जिवाशी खेळतो, कारण त्याचे ओठ माइकच्या जाळीला लागतात. अँप्लिफायर मेला असे वाटले की आधी प्लग उघडा. इथल्या प्रत्येक प्लगच्या पोटात वेगळा फ्यूज असतो, आणि दहात पाच वेळा तोच गेलेला असतो.

ध्वनितपासणीला वीस मिनिटे पुरतात, जर प्रत्येकाने एकेकटे वाजवून हौस भागवली नाही तर. छोट्या पबमध्ये गायकाचा माइक, कीबोर्ड आणि सॅक्स एवढेच स्पीकरवर घ्यावे. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन यांना माइक नको. तिघा फुंकणाऱ्यांसमोर एक मॉनिटर हवाच, आणि त्यात त्यांचेच वाजवणे सोडू नका. तिघे एकमेकांना ऐकत मिळून वर सरकत जातात आणि त्यांना पत्ताही लागत नाही. त्यात कीबोर्ड सोडा, थोडा गायक सोडा. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून वादक जोरात फुंकतो, जोरात फुंकले की सूर ढळतो आणि ओठ जातो. वर सांगितलेल्या अर्ध्या तक्रारींचे मूळ या एका स्पीकरात आहे. खोली रिकामी असताना पितळ कर्कश वाटेल. घाबरून ते कमी करू नका, माणसे भरली की अंगावरचे कपडे तीक्ष्ण स्वर शोषून घेतात. आणि गायकाला बजावा: माइकची जाळी मुठीत धरायची नाही. मागची छिद्रे झाकली की माइक चारी बाजूंचे ऐकू लागतो आणि शिट्टी मारतो.

कानांचे सांगायला हवे. ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटे. इथल्या कामाच्या जागांवरचे २००५ चे नियम याच मापाने चालतात आणि करमणूक क्षेत्राला ते २००८ पासून लागू आहेत. पंधरा डेसिबल कमी करणारी गाळणीची बुचे मिळतात. कापूस नको, तो फक्त तीक्ष्ण स्वर खातो. फुंकणाऱ्याला दोन्ही कानांत बुचे घालून स्वतःचा आवाज कवटीत घुमल्यासारखा वाटतो, म्हणून निदान ड्रमकडच्या कानात एक घाला.

बदली वादकाची सोय नसेल तर आठ जणांचा बँड चालत नाही, कारण आठांपैकी कोणाच्या तरी घरी दर महिन्याला लग्न किंवा ताप असतोच. बदलीवाला ठरलेले पैसे मागतो, वाटा नाही. तो फरक नेहमी बँडप्रमुखाच्या खिशातून जातो. त्याला दर गाण्याचा एकेक कागद, त्याच्या वाद्याच्या पट्टीत लिहिलेला, क्रमांक घातलेला, आणि क्लिपचा दिवा मिळाला पाहिजे. खुणा आधी सांगा: डोक्यावर टिचकी म्हणजे पुन्हा सुरुवातीपासून, वर केलेली मूठ म्हणजे शेवट. त्याला कळेना की अंतरा किती वेळा, तर ती चूक त्याची नाही.

तिघे परवडतच नसतील, तर शून्यावर येऊ नका, दोनवर या. ट्रम्पेट वगळा, टेनर सॅक्स आणि ट्रॉम्बोन ठेवा. धून सॅक्सला, तिच्याखालचा तिसरा किंवा सहावा स्वर ट्रॉम्बोनला, आणि कॉर्डचा पाचवा स्वर सोडून द्या. तो बास आणि कीबोर्ड यांच्यात तसाही ऐकू येतो. धुनेच्या वरच्या टोकाला कीबोर्डने एका बोटाने साथ द्यावी. सात माणसे झाली, माणशी वाटा ३५ चा ४० झाला, आणि समोर उभ्या माणसाला खरी हवा, खरा श्वास ऐकू आला. पाच माणसे आणि लॅपटॉप यापेक्षा हे कितीतरी बरे. आयोजकांनी पैसे ठरवताना 'किती लोक येणार?' एवढे विचारून थांबू नये, 'फुंकणारे किती?' हेही विचारावे, आणि त्यांच्यासाठी वेगळी रक्कम धरावी.

आपल्याकडच्या मिरवणुकीत बँड लावणाऱ्या मंडळांना यातले निम्मे तरी आजच करता येईल. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटवाल्यांना सलग दोन तास चालवू नका. वीस मिनिटे वाजवले की पाच मिनिटे ताशाला पुढे करा. थांब्यावर सरबत देऊ नका, साधे पाणी द्या. ट्रॉम्बोन असेल तर तो रांगेच्या कडेला नाही, पहिल्या रांगेत, जिथे समोर कोणी नाही. आणि बँडभोवती दोरीचे कडे धरायला चार कार्यकर्ते उभे करा, ट्रम्पेटपासून दोन हात अंतर राखून. नाचणाऱ्याचा खांदा त्या दोरीला लागू द्या, वाजवणाऱ्याच्या दातांना नको.

आपले,
दोन वाचक
(वेस्ट मिडलंड्स, इंग्लंड)